संपलेल्या कामाचं टोपलं

तान्ह्या पोळ्याला आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढं सगळी लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन जमतात. कुणाचा सागवानी, आजोबांच्या वेळचा, कुणाचा हिंगणघाटच्या बाजारातून आणलेला नवाकोरा, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू आणि खाली चार चाकं. दोरी धरून ओढायचा, घरोघर जायचं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. २०२२ च्या तान्ह्या पोळ्याला माझ्या मोठ्या जाऊबाईंचा धाकटा, तेव्हा चार वर्षांचा, त्या गर्दीत कसाबसा पाच मिनिटं टिकला. डफडं वाजायला लागलं तसा कानांवर हात गच्च दाबून पळत घरी आला आणि ओसरीत आडवा झाला. बैल उलटा केला, पाय वर, एक चाक बोटानं फिरवलं आणि गाल फरशीला टेकवून ते थांबेपर्यंत बघत राहिला. त्या चाकावर पिवळ्या रंगाचा एक ओघळ होता, रंगवताना सुताराच्या हातून सांडलेला. चाक जोरात फिरलं की त्या ओघळाचं गोल रिंगण व्हायचं आणि चाक मंदावलं की परत नुसता ओघळ दिसायचा, आणि नेमकं तेव्हाच हा हसायचा. प्रत्येक वेळी, तिथंच.

सासरे खाटेवर बसून बघत होते. "अबे बैल वढाचा असते, चाकं काय पाह्यत बसला!" असं म्हणाले आणि उठून वाड्यात गेले. आवाज चढला होता, पण त्या चढलेल्या आवाजाच्या मागं काय आहे ते घरात सगळ्यांनाच कळत होतं.

मी मात्र त्या चाकाकडंच बघत होते, कारण हे मी आधी बघितलेलं होतं, अगदी असंच, गाल जमिनीला टेकवून, नॉर्थ कॅरोलिनात राली शहराजवळच्या एका शाळेत. तिथं लाकडी बैल नव्हता, पिवळी खेळण्यातली स्कूलबस होती, आणि तो मुलगा लाल बूट घालायचा.

नवऱ्याला कंपनीनं २०१७ साली तिकडं पाठवलं, मी सोबत गेले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मी वर्ध्याला बीएड केलेली, दोन वर्षं शाळेत शिकवलेली, आणि तिथं सकाळी डबा करून दिला की दिवसभर खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघायच्या. शेजारच्या तेलुगू ताईंनी सांगितलं की शाळेत व्हॉलंटियर म्हणून जाता येतं, पैसे मिळत नाहीत पण घेतात. फॉर्म भरला, माझं पोलीस रेकॉर्ड वगैरे तपासून झालं, आणि मला विचारलं की आमच्याकडं ऑटिझम असलेल्या मुलांचा एक वर्ग आहे, तिथं माणसं कमी पडतात, चालेल का. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर तोपर्यंत ऑटिझम म्हणजे काय हे मला बीएडच्या पुस्तकातल्या अर्ध्या पानाइतकंच माहीत होतं, की मेंदूची घडण वेगळी असते आणि बोलणं, माणसांत मिसळणं अवघड जातं. ऑगस्ट २०१८ पासून मंगळवार आणि गुरुवार, नऊ ते बारा, असं सुरू झालं.

वर्गात सात मुलं, एक टीचर, दोन मदतनीस बाया आणि मी. सरकारी शाळा, फी नाही, बस घरापर्यंत येते. तिकडं १९७५ साली कायदा झाला की अपंग मूल असलं तरी त्याला शाळा नाकारायची नाही, आणि १९९० मध्ये त्याच कायद्यात ऑटिझम वेगळा धरला गेला. तीन वर्षांपासून एकवीस वर्षांपर्यंत त्या मुलाला शिकवायची जबाबदारी शाळेची, आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा वेगळा लेखी आराखडा, तो आईबापांसोबत बसून करायचा. पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या, मुलांचे फोटो काढायचे नाहीत आणि वर्गातली गोष्ट वर्गाबाहेर कुणाच्या नावानिशी बोलायची नाही. ते मी अजून पाळते, म्हणून इथंही कुणाचं नाव लिहीत नाहीये, ना तिकडच्या ना घरच्या लेकराचं.

सगळ्यात आधी जाणवलं ते हे की टीचर बोलतच नव्हती. म्हणजे बोलायची, पण मोजून दोन शब्द. "बसा." "आधी काम, मग पाणी." आपल्याकडं शिक्षक म्हटलं की तोंड चालूच, मीही तशीच, आणि न बोलणाऱ्या मुलाशी तर जास्तच बोललं पाहिजे असं मला वाटायचं, लाडानं, हावभाव करून, एकच गोष्ट चार प्रकारे सांगून. तिनं मला एकदा बाजूला घेऊन समजावलं की तू चार प्रकारे सांगतेस तेव्हा त्याला चार वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात, आणि पहिलीचा अर्थ लागायच्या आत दुसरी येऊन पडते.

लाल बूटवाला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, एकही शब्द बोलत नव्हता. त्याला माशाच्या आकाराची खारी बिस्किटं फार आवडायची. हवं असलं की तो रडायचा, किंवा कुणाचंही मनगट धरून कपाटाकडं ओढायचा, हाताचं जणू अवजार करून, चेहऱ्याकडं न बघता. त्याला चित्र देऊन मागायला शिकवणं चालू होतं. ही पद्धत १९८५ मध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट या दोघांनी अमेरिकेतच तयार केली. टीचर समोर बसायची, मुठीत बिस्किट त्याला दिसेल असं धरून. मध्ये टेबलावर बिस्किटाचं एक चित्र, दोन बोटांएवढं. मदतनीस बाई त्याच्या मागं बसायची. तो बिस्किटाकडं झेपावला की मागची बाई गुपचूप त्याचा हात चित्राकडं न्यायची, चित्र उचलायला लावायची, टीचरच्या उघड्या तळहातावर ठेवायला लावायची. चित्र हातावर पडलं त्याच क्षणी टीचर म्हणायची "बिस्किट!" आणि बिस्किट त्याच्या हातात. मागच्या बाईनं एक अक्षर बोलायचं नाही. परत तेच. वीसदा, तीसदा.

एका गुरुवारी मी जवळ उभी होते आणि न राहवून मी त्याला विचारलं, तुला काय हवंय? टीचरनं नुसतं बोट ओठांवर ठेवलं. नंतर कारण कळलं ते असं, की आपण दर वेळी विचारत राहिलो तर मूल विचारण्याची वाट बघायला शिकतं, मागायला शिकत नाही. आणि आपल्याला तर त्यानं आपणहून यावं हेच हवं असतं. मी वीस वर्षांची असल्यापासून शिकवण्याचा विचार करतेय पण माझ्या प्रश्नामुळं एखाद्याचं मागणं अडतं हे माझ्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

नोव्हेंबर संपत आला होता. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाट आवरत होते, पाठ वळवून. कुणीतरी कुडत्याला ओढलं. वळले तर लाल बूट. हातात चित्र, आणि ते माझ्या तळहातावर ठेवायचं म्हणून माझी मूठ उघडायला बघतोय. बघत होता हाताकडंच, पण आला होता माझ्याकडं, अख्खी खोली ओलांडून. मी "बिस्किट!" म्हणाले आणि माझा आवाज फाटला. त्याला त्याचं काही नव्हतं, त्याला बिस्किट मिळालं, तो गेला.

आता चार प्रश्न सांगते, कारण पुढं सगळं त्याच्याशीच येऊन ठेपतं.

त्या वर्गात प्रत्येकाचं एक टेबल होतं. डावीकडं फळीवर तीन डबे, मधे टेबल, उजवीकडं खाली एक मोठं टोपलं. डावीकडचा डबा घ्यायचा, त्यातलं काम करायचं, लाल बटणं लालमध्ये, निळी निळ्यात असं काहीतरी, आणि झालं की अख्खा डबा उजवीकडच्या टोपल्यात. तीन डबे संपले की आवडीची गोष्ट. कुणी काही सांगायचं नाही, ती मांडणीच सांगते. काय करायचं, किती करायचं, केव्हा संपणार, आणि संपल्यावर काय. ही मांडणी एरिक शॉपलर नावाच्या माणसाच्या कामातून आली, आणि योगायोग असा की ते काम त्याच राज्यात, चॅपेल हिलच्या युनिव्हर्सिटीत झालेलं, आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. १९७२ मध्ये तिथल्या विधिमंडळानं त्याला मान्यता देऊन तो अख्ख्या राज्याचा कार्यक्रम केला, टीच म्हणतात त्याला.

शॉपलर मला महत्त्वाचा वाटतो तो टेबलाच्या मांडणीपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीसाठी. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला ऑटिझम हे नाव दिलं, आणि त्यानंतर वीसपंचवीस वर्षं मोठमोठी माणसं सांगत होती की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. शिकागोचा ब्रुनो बेटेलहाइम तर त्यात पुढं होता. शॉपलर त्याच शिकागोत शिकला आणि त्यानं याच्या उलट सांगितलं, की आईबापांनी काही केलेलं नाही, मेंदूची घडणच वेगळी आहे, आणि या मुलांना शिकवायचं तर आईबापांनाच सोबतीला घ्या. हे मी तिकडं वाचलं तेव्हा मला ती एक जुनी हकीकत वाटली होती. गावी आल्यावर कळलं, जुनं वगैरे काही झालेलं नाही. माझ्या जाऊबाईंना लोकांनी काय काय नाही ऐकवलं, ग्रहणात भाजी चिरली असशील, पोटात असताना रडली असशील, मोबाईल दिला म्हणून झालं, शेतात जाते अन् लेकराकडं लक्ष नाही. कुणी रागानं नाही म्हणत, चहा पिता पिता म्हणतात. ती ऐकून घेते आणि कप उचलून आत जाते.

शुक्रवार १३ मार्च २०२०. मी त्या आठवड्यात जास्तीचा एक दिवस गेले होते. लाल बूटवाल्याचं दिवसभराच्या चित्रांचं पट्टं भिंतीवर, एकेक चित्र काढून खालच्या खिशात टाकायचं, शेवटचं चित्र शाळेच्या बसचं. त्यानं बसचं चित्र काढलं, खिशात टाकलं, गेला. शनिवारी गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या शाळा बंद करायचा आदेश काढला. सोमवारी शाळा उघडली नाही आणि मी त्या वर्गात परत कधीच गेले नाही. जग थांबलं होतं, माणसं मरत होती, माझं दुःख त्यात किती लहान, पण मला राहून राहून एकच वाटायचं, की त्या सात मुलांना आपण वर्षानुवर्षं शिकवलं की प्रत्येक गोष्ट संपताना दिसते, टोपल्यात पडते, आणि मग शाळा अशी न संपताच संपली. त्याचं चित्र कुणी काढलं नाही.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही कायमचे परत आलो. नवऱ्याचं काम आता घरून चालतं, अधूनमधून नागपूर. धाकट्याला मी फोनवर बघत होते, पण फोनवर तो यायचाच नाही, स्क्रीनच्या कडेनं पळत जायचा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं. वर्षाच्या लेकरानं नावानं हाक मारल्यावर वळून बघितलं पाहिजे, दीड वर्षाच्यानं बोटानं काहीतरी दाखवलं पाहिजे, आई ते बघ कावळा. यानं आजवर कधीच कुणाला काहीच दाखवलेलं नव्हतं. जाऊबाईंनी तीन वर्षांचा असताना एका डॉक्टरला विचारलंही होतं, त्यांनी सांगितलं पोरं उशिरा बोलतात, पाच वर्षं थांबा. दोन मिनिटांत बाहेर. त्या थांबण्यात किती दिवस गेले याचा मला अजून राग येतो, आणि तो राग योग्य आहे असंच मला वाटतं.

जाऊबाईच म्हणाल्या, "तू तिकडं असल्याच लेकराच्या शाळेत जात होती म्हणते ना, मंग पाय ना आमच्या ह्याले."

पुढचं कागदोपत्री फार लांबवत नाही. अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे लहान मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी वर्षातून दोनदा येते, त्यातल्या डॉक्टरबाईंनी जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं, तिथून पुढं तपासण्या, चकरा, एकदा साहेब रजेवर, एकदा लाइट नाही, आणि शेवटी ऑटिझम असं लिहिलेला कागद. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार धरले त्यात तो आला. म्हणजे धाकटा दहा वर्षं आधी जन्मला असता तर त्याला नुसतं मंदबुद्धी लिहून मोकळे झाले असते. पेपरात याला स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. स्वतःत मग्न असलेला माणूस मी बघितलाय, तो असा नसतो. हा चाकात मग्न आहे, पत्र्यावरच्या पावसात मग्न आहे, पंख्याच्या सावलीत आहे. स्वतःकडं तर त्याचं अजिबातच लक्ष नसतं, पायात काटा रुतला तरी सांगत नाही.

घरी सुरुवात मी चुकीची केली. नेटवरून चित्रं काढली, हिंगणघाटला झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, मागून शाळेच्या बुटाला असते तसली चिकटपट्टी. तिकडच्यासारखीच झकास दिसत होती. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग एकदा जेवताना बघितलं तर तो ताटाच्या कडेला जिथं पोचा आहे तिथं बोट फिरवत होता, आणि माझ्या डोक्यात आलं की मी याला जे ताट दाखवतेय ते याचं ताट नाहीच. चित्रात चिनीमातीची बशी अन् ब्रेड, आणि हा खातो पोचा पडलेल्या स्टीलच्या ताटात भाकर. मग सगळे फोटो परत काढले. त्याचंच ताट, त्याचीच निळी बादली, आमच्याच अंगणवाडीचं दार, मुरमुऱ्याचा तोच डबा ज्याचं झाकण हिरवं आहे. मुरमुऱ्यावर तो जीव टाकतो. सासूबाई मागं बसायच्या, मी समोर. सासूबाईंना न बोलता बसवणं हे धाकट्याला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं, "घे ना रे बाप्पा, घे ना राजा" आपोआप तोंडातून यायचं, पण त्या शिकल्या. पदर तोंडाशी धरून बसायच्या, म्हणजे शब्द निसटणार नाही. साडेतीन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यानं मुरमुऱ्याचा फोटो आणून चुलीपुढं बसलेल्या आजीच्या हातात दिला, आणि सासूबाईंनी पदर सोडला आणि इतक्या मोठ्यानं "मुरमुरे!" म्हणाल्या की शेजारची बाई धावत आली.

टोपलं बाजारातल्या बुरडाकडून आणलं, बांबूचं. डावीकडून उजवीकडे तीन डबे. सरकी, तूर, चणे वेगळे करायचे. आपली लिपीही डावीकडूनच चालते, तेव्हा ते तसंच ठेवता आलं. डबा झाला की टोपल्यात, आणि मी म्हणायची "संपलं." त्याचा पहिला शब्द तोच आला. "पलं." आई नाही, बाबा नाही, पाणी नाही, पलं. जाऊबाई त्या दिवशी थोड्या खट्टू झाल्या, आई म्हणेल अशी आशा होती. पण मग त्यानं आंघोळ झाल्यावर पलं म्हटलं, आणि त्या दिवशी आंघोळीनंतरचा आरडाओरडा झाला नाही. रोज व्हायचा. त्याला कळतच नसावं इतके दिवस की हे डोक्यावर पाणी ओतणं कुठं थांबणार आहे.

चार प्रश्न मी जाऊबाईंना समजावत होते, माझ्या बीएडच्या भाषेत, तर मधेच म्हणाल्या, "म्हंजे वेचणीसारखंच हाय. कोनत्या वावरात जाचं, किती पाती लागल्या, सुटी केव्हा, अन् मंग काट्यावर वजन. आमाले बिन सांगता नेऊन वावरात उभं केलं त आमीबी आरडू ना." यापेक्षा नीट मला कुणीच सांगितलेलं नाही, ना तिकडं ना इकडं. त्यानंतर मी आशाताईला आणि अंगणवाडीच्या ताईंना समजावताना हेच सांगते. कापसाच्या गावात हे कुणालाही एका मिनिटात कळतं.

आशाताईचं एक सांगायचं आहे. तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की गोवराच्या लसीनं ऑटिझम होतो, आणि ती बिचारी घाबरली, कारण गावातल्या सगळ्या लेकरांना लशीला तीच बोलावते, धाकट्यालाही तीच घेऊन गेली होती. दोन दिवस तिनं माझ्याशी डोळे मिळवले नाहीत. तिला मी बसवून सांगितलं की १९९८ मध्ये वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरानं बारा मुलांवरून तसा लेख छापला होता, तो खोटा निघाला, २०१० मध्ये त्या मासिकानं लेखच मागं घेतला आणि इंग्लंडमध्ये त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, लशीचा संबंध सापडला नाही. ती रडायलाच लागली. म्हणाली मले वाटलं माह्याच हातानं झालं. बघा, आई सोडून आता दोष द्यायला आशाताई सापडली होती, आणि तो तिनं स्वतःच उचलून घेतला होता.

तिकडचं सगळं चांगलं आणि इकडचं वाईट असं मला लिहायचं नाही, तसं नाहीच. लाल बूटवाल्याच्या आईशी मी एकदा बोलले होते, ती म्हणाली आमच्या गल्लीत कुणाला माझा मुलगा माहीत नाही. धाकट्याला अख्खं गाव ओळखतं. कुणाच्याही घरात शिरतो, पंख्याखाली उभा राहतो, बाया हातावर काहीतरी ठेवतात. एकदा तो वणा नदीच्या वाटेनं निघाला होता, तर बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याला बखोटीला धरून घरी आणून सोडलं. पण "देवाचं लेकरू हाय, राहू द्या" असं म्हणतात ना, त्यातल्या राहू द्या या दोन शब्दांची मला भीती वाटते. जीव लावतात, खाऊ घालतात, पण त्याला काही शिकता येईल, तो काही मागेल, नाही म्हणेल, असं कुणाच्या मनात येत नाही. देवाच्या लेकराला गटसाधन केंद्रातले सर आठवड्यातून एकदा तरी आले पाहिजेत, शाळेत बसायला जागा पाहिजे, स्पीच थेरपीसाठी नागपूरपर्यंत जाऊन मजुरी बुडवावी लागू नये. हे मागायलाच पाहिजे, आणि मी मागते, ग्रामसभेत उभी राहून मागते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी रात्री अंगणात बाजेवर बसलो होतो, लाइट गेलेली. धाकटा झोपला होता. जाऊबाई म्हणाल्या, "ह्याले त तू सांगते, काय कराचं, किती कराचं, केव्हा संपते, मंग काय. माहं कोन सांगन?"

मी सांगायला गेले. १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे, अठरा वर्षं झाली की कलेक्टरच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो, निरामय विमा आहे, लाखापर्यंत उपचाराचा खर्च. वझ्झरच्या शंकरबाबांचंही सांगितलं, शंकरबाबा पापळकर, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना स्वतःचं नाव लावून वाढवलं, २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते किती वर्षांपासून सरकारला हेच तर विचारत आहेत, की अठरा वर्षांनंतर या लेकरांनी जायचं कुठं. तिकडं अमेरिकेतही एकवीस झाली की ती पिवळी बस यायची बंद होते, आणि तिथल्या आयाही मला हेच बोलायच्या.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कागद होईन वं. पन भाकर चुरून लागते त्याले, दुधात नाही, वरनात. हे कोन्या कागदावर लिवन?"

मला काही बोलता आलं नाही. बऱ्याच वेळानं मी आत जाऊन वही आणली आणि मोबाईलच्या उजेडात लिहायला बसले. भाकर चुरून, वरणात. डाव्या कुशीवर झोपतो. ढगाला भीत नाही, मिक्सरला भीतो. हिरव्या झाकणाचा डबा. शर्टाच्या मानेमागचं लेबल कापून टाकायचं. त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते, पंधरा पानं झाली. ती वही आता देवघराच्या फळीवर असते, आणि धाकट्याची मोठी बहीण, नववीत आहे, मधूनमधून त्यात आपणहून काहीतरी लिहून ठेवते.

तान्ह्या पोळ्याचं राहिलं. तिकडं आगीच्या ड्रिलच्या आधी मुलांना छोटी चित्रगोष्ट दाखवायचे, भोंगा वाजेल, आपण रांगेत बाहेर जाऊ, भोंगा थांबेल, आपण परत येऊ. कॅरल ग्रे नावाच्या शिक्षिकेनं ही रीत सुरू केली. २०२३ ला मी तशी पोळ्याची गोष्ट केली, सात फोटो, पण कान झाकायचं काही आणलंच नव्हतं आणि डफडं सुरू होताच सगळं फिसकटलं, तो रस्त्यात आडवा पडून डोकं आपटायला लागला, लोक जमले, जाऊबाईंनी त्याला उचलून आणलं तेव्हा तिच्या हाताला चावल्याचे वळ होते. चूक माझी होती. २०२४ ला फोटो चारच ठेवले. घर, देऊळ, बैलांची रांग, परत घर. कानावर गच्च बसणारे हेडफोन. डफडंवाल्या भाऊंना आधीच जाऊन विनंती केली, ते म्हणाले तुमचा पोट्टा आला का मी पाठीमागं सरकून वाजवतो, आणि खरंच सरकले.

त्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी खाटेखालून काहीतरी बाहेर काढलं. तोच बैल, पण चाकं नवी. आमच्या कुणाला न सांगता ते सुताराकडं चारदा जाऊन आले होते. चाकात मोटारीच्या दुकानातून आणलेलं बारकं बेअरिंग बसवलं होतं, आणि चाकावर, मुद्दाम, पिवळा एक ओघळ काढून घेतला होता.

धाकटा देवळापुढं अकरा मिनिटं उभा होता, मी घड्याळ बघत होते. बैल ओढला नाही, पोटाशी धरला. मग गळ्यातल्या पट्टीवरून रांगेचा फोटो त्यानंच काढला, पिशवीत टाकला, "पलं" म्हणाला, आणि घराकडं चालायला लागला, सगळ्यांच्या पुढून, पळत नाही, चालत. ओसरीत येऊन बैल उलटा केला आणि चाक फिरवलं. सासरे हळूच त्याच्या बाजूला फरशीवर बसले, मग धोतर सावरून आडवे झाले, गाल फरशीला टेकवून. चाक फिरतच होतं. बेअरिंगचं चाक लवकर थांबत नाही.